पाण्याखालच्या फोटोंसाठी भरवशाचा स्ट्रोब कसा निवडावा

कार्डिनलफिशचा नर अंडी तोंडात सांभाळतो. मधूनच तो तोंड उघडतो, अंड्यांचा गोळा हलवतो आणि लगेच मिटून घेतो. एवढ्यानेच अंड्यांना ताजं पाणी मिळतं. अशा एका नरासमोर मी वीस मिनिटं तरंगत थांबलो होतो. त्याने तीन वेळा तोंड उघडलं. पहिला फोटो काळा आला, कारण स्ट्रोब, म्हणजे कॅमेऱ्याबाहेरचा पाणबंद फ्लॅश, पेटलाच नाही. दुसऱ्यात प्रकाश निम्माच पडला. तिसरा पांढराफटक झाला. तिन्ही वेळा सेटिंग तेच होतं, अंतरही तेच.

तो स्ट्रोब ताकदीला कमी नव्हता. मी तो घेतलाच होता आकडे बघून. त्या डाइव्हनंतर माझा निवडीचा क्रम उलटा झाला. आता मी आधी दोनच गोष्टी बघतो. दर वेळी तो तेवढाच प्रकाश देतो का? आणि त्यात पाणी शिरलं तर किती नुकसान होईल? ताकद, रंग, वजन, किंमत हे सगळं त्यानंतर. पहिला स्ट्रोब घेणाऱ्याने याच क्रमाने जावं असं मला मनापासून वाटतं.

मुळात स्ट्रोब लागतो कशाला

पाणी प्रकाश गिळतं, पण सगळे रंग सारखे गिळत नाही. तांबडा सगळ्यात आधी जातो. पाच मीटर खोलीवरच तो बराचसा नाहीसा झालेला असतो. दहा मीटरच्या आसपास नारिंगी फिका पडतो, त्याच्याखाली पिवळा. म्हणून वीस मीटरवर लालभडक प्रवाळ डोळ्यांना राखाडी-तपकिरी दिसतं. नंतर संगणकावर कितीही ओढाताण केली तरी जो रंग कॅमेऱ्यापर्यंत पोचलाच नाही तो परत येत नाही. तो तिथे, त्या जागी न्यावा लागतो. १९२६ साली फ्लोरिडाजवळच्या ड्राय टोर्टुगास बेटांपाशी विल्यम लाँगली आणि चार्ल्स मार्टिन यांनी पाण्याखालचे पहिले रंगीत फोटो काढले, तेव्हा प्रकाशासाठी पाण्यावर तराफा सोडून त्यावर मॅग्नेशियमची पूड पेटवली होती. आज ते काम मुठीएवढा स्ट्रोब करतो.

एक गोष्ट मात्र नवख्यांच्या लक्षात येत नाही. पाणी फक्त खोलीचा हिशेब धरत नाही, प्रकाशाने कापलेल्या एकूण अंतराचा धरतं. स्ट्रोबचा प्रकाश माशापर्यंत जातो आणि तिथून लेन्सपर्यंत परत येतो. मासा एक मीटरवर असेल तर प्रकाशाने जवळपास दोन मीटर पाणी कापलेलं असतं. त्यामुळे स्ट्रोब कितीही मोठा असला तरी साधारण दीड मीटरच्या पुढे रंग निळसर, मळकट येऊ लागतात. पाच मीटरवरच्या कासवासाठी कुठलाही स्ट्रोब पुरत नाही. जवळ जाणं हाच उपाय. हे एकदा पटलं की "जास्तीत जास्त ताकदीचा द्या" हा हट्ट आपोआप कमी होतो.

पायरी १ : कशाचे फोटो काढायचे ते आधी ठरवा

बारीक जीवांचे, म्हणजे मॅक्रो फोटो काढायचे असतील तर विषय लेन्सपासून वीतभर अंतरावर असतो. तिथे लहान स्ट्रोब पुरतो, आणि तो एकच असला तरी चालतं. छोटा स्ट्रोब पोर्टच्या, म्हणजे लेन्ससमोरच्या पाणबंद काचेच्या, अगदी वर टेकवून ठेवता येतो. अवजड स्ट्रोब तिथे मावतच नाही.

वाइड अँगल म्हणजे प्रवाळाची भिंत, बुडालेलं जहाज, माशांचा थवा. यासाठी झोत रुंद हवा, शंभर अंशांच्या पुढचा, आणि स्ट्रोब दोन हवेत. एकाने एका बाजूला कडक सावली पडते. पाण्यातले कण उजळून फोटोभर पांढरे ठिपके दिसतात, त्यांना बॅकस्कॅटर म्हणतात. ते टाळायचे तर स्ट्रोब लेन्सपासून लांब, दोन्ही बाजूंना आणि किंचित मागे ठेवून बाहेरच्या दिशेने वळवावे लागतात, म्हणजे झोताची फक्त कड विषयावर पडते आणि लेन्ससमोरचं पाणी अंधारात राहतं. हे एका स्ट्रोबने नीट जमत नाही.

सुरुवातीला एकच घ्या, पण असा घ्या की सहा महिन्यांनी त्याचा जुळा घेता येईल. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे स्ट्रोब जोडले की रंग आणि ताकद दोन्ही बाजूंना वेगळे पडतात, आणि प्रत्येक फोटोत ते सांभाळत बसावं लागतं.

व्हिडिओ लाइट आहे म्हणून स्ट्रोब नको, असंही काहींना वाटतं. सतत जळणारा दिवा आणि स्ट्रोबचा क्षणिक प्रकाश यांत फार मोठी तफावत आहे. हलणारा मासा दिव्याच्या उजेडात पुसट येतो, स्ट्रोबच्या झोतात गोठतो. फोटो काढायचे असतील तर स्ट्रोबच घ्या.

पायरी २ : कॅमेरा आणि हाऊसिंग स्ट्रोबशी कसं बोलणार

बहुतेक चुकीच्या खरेदी इथे होतात. स्ट्रोब उत्तम, हाऊसिंग (कॅमेऱ्याचं पाणबंद आवरण) उत्तम, आणि दोघांची भाषाच वेगळी.

कॅमेऱ्याचा इशारा स्ट्रोबपर्यंत पोचवायचे दोन मार्ग आहेत. पहिला सिंक कॉर्डचा. हाऊसिंगला एक विद्युत जोड असतो, त्यातून तार स्ट्रोबपर्यंत जाते. यात इशारा झटपट जातो, पण जोडाच्या दोन्ही टोकांना ओ-रिंग, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कड्या, असतात आणि त्यातली एकही चुकली तर पाणी सरळ पिनांवर येतं. खारं पाणी लागलं की पिना हिरव्या पडतात, आणि मग स्ट्रोब कधी पेटतो, कधी नाही. हाऊसिंगच्या बाजूने गळलं तर कॅमेराही धोक्यात. पाण्याखाली असताना कॉर्ड कधीच काढायची नाही, हे वेगळं सांगायला नको.

दुसरा मार्ग फायबर ऑप्टिक केबलचा. कॅमेऱ्याचा छोटा फ्लॅश हाऊसिंगच्या आत चमकतो, तो प्रकाश पारदर्शक खिडकीतून केबलमध्ये शिरतो आणि स्ट्रोबच्या सेन्सरपर्यंत पोचतो. इथे हाऊसिंगला भोक नाही, तार नाही, त्यामुळे पाणी शिरायला जागाही नाही. केबल तुटली तर दुसरी लावायची, आणि ती पाण्याखालीसुद्धा बदलता येते. पहिला स्ट्रोब घेणाऱ्याला मी निःशंकपणे फायबर सुचवतो.

फायबरचे दोष मात्र आधीच माहीत करून घ्या. केबल फार वाकवली तर प्रकाश आत कमी होतो. एकाच जाड धाग्याच्या स्वस्त केबलपेक्षा अनेक बारीक धाग्यांची केबल वाकवणं जास्त सोसते आणि इशारा भक्कम पोचवते. केबलच्या टोकाला बसणारे खुंटेही सगळीकडे सारखे नसतात. सी अँड सी कंपनीचा आकार वेगळा, इनॉन कंपनीचा वेगळा. केबल घेताना दोन्ही बाजूंचं नाव सांगून घ्या.

आता खरा पेच. पुष्कळ मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांना स्वतःचा फ्लॅशच नसतो. अशा कॅमेऱ्यासाठी हाऊसिंगच्या आत एक छोटं एलईडी ट्रिगर बसवतात. ते स्वतःच्या बॅटरीवर चालतं आणि इशाऱ्यापुरता प्रकाश देतं. ज्यांच्या कॅमेऱ्याला फ्लॅश आहे त्यांनाही याचा फायदा होतो. कॅमेऱ्याचा फ्लॅश पुन्हा भरायला तीन-चार सेकंद लागत असतील तर स्ट्रोब कितीही चपळ असला तरी वाट बघावीच लागते. ट्रिगर नसेल तर कॅमेऱ्याचा फ्लॅश मॅन्युअलवर ठेवून सगळ्यात कमी ताकदीला लावा. स्ट्रोबला इशाऱ्यापुरतीच चमक लागते, आणि कॅमेऱ्याची बॅटरीही वाचते.

टीटीएल म्हणजे कॅमेऱ्याने प्रकाश मोजून स्ट्रोबची ताकद स्वतः ठरवणं. त्यासाठी कॅमेरा मुख्य फ्लॅशआधी एक छोटी चमक सोडतो, तिला प्री-फ्लॅश म्हणतात. स्ट्रोबला ही भाषा येत नसेल तर तो प्री-फ्लॅशवरच आपला सगळा प्रकाश खर्च करतो, शटर नंतर उघडतं आणि फोटो काळा येतो. म्हणून स्ट्रोबमध्ये प्री-फ्लॅश दुर्लक्षित करायची सोय आहे का, आणि तुमच्या नेमक्या कॅमेऱ्याबरोबर त्याचं टीटीएल चालतं का, हे दोन प्रश्न विकणाऱ्याला विचारा. "सगळ्या कॅमेऱ्यांना चालतं" या उत्तरावर थांबू नका. तुमच्या कॅमेऱ्याचं आणि हाऊसिंगचं नाव घेऊन हो म्हणायला लावा.

मॅन्युअल मात्र शिकाच. पाण्याखाली अंतरं कमी असतात आणि फारशी बदलत नाहीत, त्यामुळे दोन-तीन डाइव्हमध्ये हात बसतो. स्ट्रोबवर ताकदीचं गोल बटण असावं, हातमोजा घालूनही फिरवता येईल असं. मेनूत दडलेली ताकद मासा समोर असताना बदलता येत नाही.

पायरी ३ : गाइड नंबर वाचायला शिका

गाइड नंबर म्हणजे ॲपर्चर (लेन्सच्या छिद्राचा एफ आकडा) गुणिले अंतर. आयएसओ १०० ला गाइड नंबर ३३ मीटर असेल तर जमिनीवर तीन मीटरवरच्या वस्तूसाठी एफ ११ लागतो. पण कंपन्या बहुधा हवेतला आकडा छापतात. पाण्यात तो साधारण एक तृतीयांश ते निम्मा धरावा, आणि पाणी गढूळ असेल तर त्याहूनही कमी. म्हणजे तोच ३३ चा स्ट्रोब पाण्यात ११ चा झाला. एक मीटरवर एफ ११, अर्ध्या मीटरवर एफ २२.

हा हिशेब स्वतःच्या फोटोंसाठी एकदा करून बघा. मॅक्रोला एफ २२ वर वीतभर अंतरासाठी ५ चा आकडाही पुरतो, म्हणजे हवेत १५ गाइड नंबरचा लहान स्ट्रोब. वाइड अँगलला एफ ८ ते एफ ११ आणि मीटरभर अंतर धरलं तर हवेतला ३० च्या पुढचा हवा, शिवाय डिफ्यूझर (झोत पसरवणारं झाकण) लावल्यावर त्यातलाही थोडा कमी होतो. आणखी एक बघा. गाइड नंबर अरुंद झोतावर मोजला तर मोठा दिसतो. दोन स्ट्रोबांची तुलना करताना आकडा किती रुंदीच्या झोताला दिलाय ते वाचा.

मी गरजेपेक्षा थोडा मोठा स्ट्रोब घ्यायला सांगतो, पण ताकदीसाठी नाही. निम्म्या ताकदीवर काम भागलं तर तो लवकर भरतो, कमी तापतो आणि सेलही जास्त पुरतात. भरवसा तिथून येतो.

पायरी ४ : सेल आणि पुन्हा भरायचा वेळ

पूर्ण ताकदीची चमक दिल्यावर स्ट्रोब पुन्हा तयार व्हायला जो वेळ लागतो त्याला रिसायकल टाइम म्हणतात. चांगल्या स्ट्रोबांत तो दीड-दोन सेकंद असतो, साध्यांत तीन किंवा जास्त. छापलेला आकडा नव्या, पूर्ण भरलेल्या सेलचा असतो. डाइव्हच्या शेवटी तोच वेळ दुप्पटही होऊ शकतो. तयार असल्याचा दिवा लागायच्या आत शटर दाबलं तर काही स्ट्रोब अर्धवट भरलेल्या कपॅसिटरवरच (चमकेसाठी वीज साठवणारा भाग) पेटतात, आणि प्रकाश कमी पडतो. माझा तो दुसरा फोटो असाच गेला असावा.

लहान-मध्यम स्ट्रोब बहुधा चार एए सेलवर चालतात, म्हणजे भिंतीवरच्या घड्याळात जातात त्या आकाराच्या. काही मोठ्या स्ट्रोबांना स्वतःचा बॅटरी पॅक असतो, उदाहरणार्थ आयकेलाइटच्या डीएस मालिकेतल्या. अलीकडे लिथियम-आयन सेलवर चालणारेही आले आहेत. नवख्यासाठी एए सोयीचे वाटतात, कारण ते जगात कुठेही मिळतात आणि खराब झाले तर दुसरे घालता येतात. पॅक जास्त वेळ पुरतो, पण तो बिघडला तर नेमका तोच पॅक मिळेपर्यंत स्ट्रोब बंद.

एए वापरणार असाल तर पुन्हा चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल घ्या, आणि त्यातही ठेवल्या ठेवल्या न उतरणारे, सुमारे २००० एमएएचचे. त्याहून मोठा आकडा छापलेले सेल मोहात पाडतात, पण त्यातले बरेच लवकर म्हातारे होतात आणि चौघांतला एक मागे पडतो. साधे अल्कलाइन सेल अडीअडचणीला चालतात, पण त्यांच्यावर स्ट्रोब भरायला फार वेळ घेतो.

चारही सेल एकाच वेळी घेतलेले, एकाच कंपनीचे हवेत. मार्करने त्यांच्यावर संच क्रमांक लिहा, १-क, १-ख असं, आणि कधीही सरमिसळ करू नका. चार्जर प्रत्येक सेल वेगळा भरणारा असावा. एक सेल उलटा बसला किंवा फार उतरला तर बाकीचे तीन त्याला तापवतात, आणि बंद कप्प्यात वायू साठतो. हा धोका खरा आहे. म्हणून डाइव्हनंतर कप्प्याचं झाकण उघडताना ते कधीही चेहऱ्याकडे धरू नका, हळूहळू फिरवा. काही स्ट्रोबांना जादा दाब सोडणारी झडप असते. अशी झडप असलेला स्ट्रोब मला जास्त आवडतो.

एक कडक सूचना. एए आकाराचेच पण ३.७ व्होल्टचे लिथियम सेल मिळतात. दिसायला हुबेहूब. ते घातले तर स्ट्रोबला तिप्पट व्होल्टेज जातं आणि तो जळतो. एकदा वापरून टाकायचे १.५ व्होल्टचे लिथियम सेलही सगळ्या स्ट्रोबांना चालत नाहीत, माहितीपुस्तिका बघूनच घाला. विमानाने जाताना सुटे लिथियम-आयन सेल हातातल्या बॅगेत, टोकं झाकून न्यायचे असतात, सामानात टाकायचे नसतात.

पायरी ५ : पाणी शिरलं तर काय होईल

हा प्रश्न विक्रेत्याला विचारायला लोक बिचकतात. मी तो सगळ्यात आधी विचारतो, कारण पुरेशा डाइव्ह झाल्या की कधी ना कधी पाणी शिरतंच. ओ-रिंगवर एक केस, वाळूचा एक कण, टॉवेलचा एक धागा पुरतो.

चांगल्या स्ट्रोबमध्ये सेलचा कप्पा आणि आतली सर्किटं यांच्यामध्ये पाणबंद भिंत असते. झाकणातून पाणी शिरलं तर सेल मरतात, पण स्ट्रोब वाचतो. माझ्या एका स्ट्रोबच्या झाकणात धागा अडकला होता. वर आल्यावर कप्पा हलवला तर आत पाणी खुळखुळत होतं. सेल फेकले, कप्पा गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुतला, कोरडा केला, स्प्रिंगा पुसल्या, आणि तोच स्ट्रोब पुढे कित्येक डाइव्ह चालला. ही भिंत नसती तर त्याच दिवशी तो गेला असता. म्हणून स्पष्ट विचारा: सेलचा कप्पा वेगळा सीलबंद आहे का? झाकणाला ओ-रिंग एक आहे की दोन? झाकण आट्यांचं असेल तर ते किती फिरवायचं याची खूण आहे का? आणि संपर्काच्या पट्ट्या सुट्या मिळतात का?

पण पाणी आतल्या सर्किटपर्यंत गेलं असेल तर स्ट्रोबचं मुख्य आवरण स्वतः उघडू नका. कपॅसिटरमध्ये साधारण ३०० व्होल्ट साठलेले असतात आणि सेल काढल्यावरही ते काही काळ राहतात. त्याचा झटका जिवावर बेतू शकतो. ते काम दुरुस्ती करणाऱ्याचंच.

खोलीची मर्यादा बहुतेक स्ट्रोबांना साठ मीटर किंवा जास्त असते आणि हौशी डायव्हिंगची मर्यादा चाळीस मीटर आहे, त्यामुळे त्या आकड्याची फार चिंता नको. गळती बहुधा उथळ पाण्यातच सुरू होते. खोल गेल्यावर पाण्याचा दाब झाकण ओ-रिंगवर घट्ट दाबतो, पण पहिल्या दोन-तीन मीटरांत तो दाब नसतो. नीट न बसलेली रिंग तिथेच दगा देते.

ओ-रिंगला लावायचं ग्रीस कंपनीने दिलेलंच वापरा. सगळ्या रिंगांचं रबर सारखं नसतं. सिलिकॉनच्या रिंगवर चुकीचं ग्रीस लावलं तर ती फुगते आणि खाचेत बसेनाशी होते. ग्रीस लावायचं ते रिंग चमकेल इतकंच. जास्त लावलं तर त्याला कचरा चिकटतो.

सेवा केंद्राचा प्रश्नही इथेच येतो. पैसे देण्याआधी कंपनीला एक साधा ईमेल पाठवा: ओ-रिंगचा संच, सेलचं झाकण आणि डिफ्यूझर सुटे मिळतात का? उत्तर किती दिवसांत येतं आणि किती स्पष्ट येतं, यावरून पुढे दुरुस्तीच्या वेळी काय होणार त्याचा अंदाज येतो. वॉरंटीत पाण्याचं नुकसान धरलंय का, तेही वाचा. वापरणाऱ्याच्या चुकीने शिरलेलं पाणी बहुधा त्यात नसतं.

थोडक्यात उरकायच्या गोष्टी

फ्लॅशची ट्यूब गोल असेल तर प्रकाश जास्त समान आणि मऊ पडतो, वाइड अँगलला त्याचा फायदा दिसतो. सरळ ट्यूबच्या स्ट्रोबला चांगला डिफ्यूझर लावला तर फरक बराच कमी होतो. प्रकाशाचा रंग केल्विनमध्ये सांगतात. ४८०० च्या आसपासचा उबदार प्रकाश पार्श्वभूमीचं पाणी गडद निळं दाखवायला मदत करतो, ५५०० च्या पुढचा जास्त पांढरा. मॅक्रोला याने फारसं बिघडत नाही. फोकससाठी छोटा दिवा असावा, पण फोटोच्या क्षणी तो आपोआप बंद व्हायला हवा. वजन हवेतलं नाही, पाण्यातलं बघा. जड स्ट्रोब मनगट दुखवतात आणि त्यासाठी तरंगणारे आर्म, म्हणजे स्ट्रोब धरणारे दांडे, घ्यावे लागतात.

पायरी ६ : टेबलावरची परीक्षा

स्ट्रोब हातात आल्यावर, परत करायची मुदत संपायच्या आत, हे सगळं घरीच करा. एक संध्याकाळ लागते.

खोलीत अंधार करा. कॅमेरा ट्रायपॉडवर, समोर पांढरी भिंत, स्ट्रोब एका जागी पक्का. कॅमेऱ्याचं सगळं मॅन्युअल, शटर १/१२५, आणि स्ट्रोब अर्ध्या ताकदीवर. दहा फोटो काढा, प्रत्येकाच्या मध्ये दहा सेकंद थांबा. मग दहांचे हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचे आलेख) शेजारी ठेवून बघा. ते एकमेकांवर जवळपास बसायला हवेत. एखादाच बाजूला सरकला तरी पुन्हा दहा काढा. पुन्हा तसंच झालं तर स्ट्रोब परत करा. ज्याचा प्रकाश कोरड्या खोलीत डगमगतो तो समुद्रात सुधारणार नाही. ही परीक्षा मी आता कोणत्याही स्ट्रोबसाठी सोडत नाही.

नंतर पूर्ण ताकदीवर पाच चमका द्या, प्रत्येकीनंतर मिनिटभर थांबून. प्रत्येक वेळी दिवा लागायला किती सेकंद लागले ते घड्याळाने मोजून लिहून ठेवा. हा तुमचा मूळ आकडा. वर्षभराने पुन्हा मोजाल तेव्हा सेल थकलेत की स्ट्रोब, ते कळेल. हवेत पूर्ण ताकदीवर धडाधड चमका देऊ नका. पाण्यात स्ट्रोबला थंडावा मिळतो, हवेत मिळत नाही, आणि ट्यूब तापून खराब होते.

मग प्रत्यक्ष हाऊसिंगमधून, फायबर लावून, टीटीएल आणि मॅन्युअल दोन्ही तपासा. केबल हळूहळू वाकवत चमक येते का बघा. शटरचा वेग वाढवत न्या. एका टप्प्यानंतर फोटोत काळा पट्टा दिसू लागेल, बहुतेक मोठ्या कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० च्या पुढे. पाण्याखाली त्याच्या आतच राहायचं.

जुना स्ट्रोब घेणार असाल तर याआधी आणखी काही बघा. सेलच्या कप्प्यात टॉर्च मारा. स्प्रिंगांवर हिरवट थर किंवा पांढरी पूड दिसली तर पाणी शिरून गेलंय. कप्प्याचा वास घ्या, जळकट किंवा आंबट वास लपत नाही. ओ-रिंगच्या खाचेत नखाने ओरखडा लागतो का बघा. रिंग बदलता येते, खाच बदलता येत नाही. ट्यूबची टोकं काळवंडली असतील तर तिने बरंच काम केलेलं आहे. समोरच्या काचेच्या आत धुकं दिसलं तर तिथेच नको म्हणा, किंमत कितीही कमी असो.

पहिली डाइव्ह

समुद्रात नेण्याआधी स्ट्रोब सेल न घालता बंद करा, कप्प्यात कोरडा टिश्यू कागद ठेवा आणि बादलीभर गोड्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा. कागद कोरडा निघाला तर पुढे. शक्य असेल तर पहिल्या डाइव्हलाही कागद घालूनच न्या, सेलशिवाय, पाच-दहा मीटरपर्यंत. एक डाइव्ह फोटोंविना जाईल, पण झाकण आणि रिंग दाबाखाली तपासली जाईल.

सेल घालून जाल तेव्हा पाण्यात शिरल्या शिरल्या दोन-तीन मीटरवर थांबा. सोबत्याला झाकणाच्या कडेने बुडबुड्यांची धार येते का बघायला सांगा. एखाद-दुसरा अडकलेला बुडबुडा निघून जातो, सलग धार दिसली तर तिथूनच वर या. मग दोन चमका देऊन फोटो बघा आणि पुढे निघा.

वर आल्यावर स्ट्रोब बंद करून वीस मिनिटं गोड्या पाण्यात ठेवा, बटणं फिरवत राहा, म्हणजे फटींतलं मीठ सुटतं. झाकण उघडायच्या आधी बाहेरून पूर्ण कोरडा करा. उघडताना झाकण जमिनीकडे धरा, म्हणजे कडेला राहिलेला थेंब कप्प्यात न जाता खाली पडतो. रिंग काढायला टोकदार लोखंडी वस्तू वापरू नका, प्लॅस्टिकचं कार्ड किंवा बोटांचा चिमटा पुरतो. रिंग दोन बोटांतून हलक्या हाताने फिरवली की कण जाणवतो, डोळ्याला दिसला नाही तरी.

पुढची डाइव्ह महिनोन्महिने होणार नसेल तर सेल काढून ठेवा, रिंग काढून वेगळ्या पिशवीत ठेवा, झाकण सैल राहू द्या. दोन-तीन महिन्यांतून एकदा सेल घालून चार-पाच चमका द्या. कपॅसिटर फार काळ रिकामा राहिला तर आळसावतो, आणि तुम्ही पुन्हा पाण्यात उतराल तेव्हा भरायला दुप्पट वेळ घेतो.